सत्तर हजारांत गेमिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंगचा पीसी : पैसे कशावर घालू?

रात्रपाळी_कराड

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर कराडपासून आत एका गावात. आजवर मोबाइलवर बीजीएमआय खेळलो. आता व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्हचं रोलप्ले मराठी कॉमेंट्रीसकट यूट्यूबवर लाइव्ह करायचंय. पप्पांनी सत्तर हजार कबूल केलेत, वर एक रुपया नाही, आणि यूपीएसही त्यातच बसवायचाय. मॉनिटर दादाचा जुना आहे, १०८०पी, ७५ हर्ट्झ. कीबोर्ड-माउस आहेत. फायबर आहे, अपलोड ४० एमबीपीएसच्या आसपास दाखवतो.

इथल्या एका दुकानदाराने कोटेशन दिलंय : आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, आरजीबी कॅबिनेट, सगळं मिळून ३२ हजार. म्हणतो, उरलेल्या पैशात कॅमेरा आणि गेमिंगची खुर्ची घे. मित्र म्हणतात डोळे झाकून घे. मला मात्र धाकधूक वाटतेय. स्ट्रीमिंगला प्रोसेसर दांडगा लागतो की कार्ड?

पेठेतला_पिंग

आय सेव्हन कुठल्या जनरेशनचा? आणि कार्ड कुठलं? "४ जीबी" ही मेमरी झाली, कार्डाचं नाव नव्हे. विचारून ये, मग बोलू.

रात्रपाळी_कराड

विचारलं. आय ७-३७७०, बोर्ड एच६१ (नवीन आहे म्हणतो), कार्ड जीटी ७३०.

स्क्रूड्रायव्हर_सांगली

मी असेंब्लीच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३७७० हा २०१२चा प्रोसेसर. वाईट नव्हता. माझ्या काही व्यापारी गिऱ्हाइकांकडे त्याच्यावर अजून टॅली चालतं, आणि तिथे तो शोभतोही. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड. त्यावर ४ जीबी छापलेलं असलं तरी मॉनिटरवर चित्र दिसावं एवढीच त्याची ताकद. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यात व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) असल्याशिवाय गेम उघडू देत नाही. तुझ्या दुकानदाराचं मशीन म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. बत्तीस हजारांतला मोठा वाटा दिव्यांचा आहे.

आता तुझा खरा प्रश्न. लाइव्ह करताना गेमचं प्रत्येक चित्र दाबून लहान करून पाठवावं लागतं. कच्चं १०८०पी, ६० फ्रेमचं चित्र सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट भरतं, ते आपण ६ मेगाबिटांत कोंबतो. म्हणजे पाचशेला एक. हे कोंबायचं काम प्रोसेसरही करू शकतो, ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) त्याला एक्स२६४ म्हणतात. पण मग गेमच्या वाट्याचे कोअर तोच खातो आणि ऐन मारामारीत फ्रेम पडतात. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डात याच कामासाठी एक वेगळा तुकडा बसवलेला असतो, एनकोडर. एनव्हिडियाचा तो एनव्हेंक. गेम ज्या कोअरवर चालतो त्यांच्याशी याचा जवळपास संबंध नसतो, त्यामुळे गेमला झळ लागत नाही.

तेव्हा कार्ड घेताना गेममध्ये किती फ्रेम मिळतात एवढंच बघू नकोस, त्यातला एनकोडर कुठला आहे तेही बघ. इथेच पोरं फसतात. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात दिसलं की उडी मारतात, आणि त्या कार्डात व्हिडिओ एनकोडर दिलेलाच नाही! गेम चालेल, स्ट्रीमचा सगळा भार प्रोसेसरवर. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५०च्या मूळ आवृत्तीत एनव्हेंक आहे, पण मागच्या पिढीचा. १६५० सुपरमध्ये नवा आहे. नावात एका शब्दाचा फरक, पण कमी बिटरेटला (सेकंदाला जाणारा डेटा) चित्रात तो दिसतो, विशेषतः गवत आणि धूर असला की. तिसरा घोळ आरटीएक्स ३०५०चा. ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन मिळतात आणि फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत आणि मेमरीची बस १२८ऐवजी ९६ बिटची. दुकानात दोन्ही "३०५०" म्हणूनच विकतात.

तुझ्या बजेटात आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा आरटीएक्स ५०५०, पंचवीस हजारांच्या आसपास जे पक्क्या बिलावर आणि वॉरंटीसकट मिळेल ते घे. ५०५० घेतलंस तर बोर्ड बी५५० घे. ते कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतं, ए५२० किंवा बी४५० बोर्डावर त्या जुन्या ३.० वेगाने चालतात आणि थोडं नुकसान होतं. ३०६० पूर्ण सोळा लेनचं आहे, त्याला ए५२० चालून जातो. जुन्या स्टॉकचा बी४५० असेल तर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलेला आहे का ते दुकानातच बघून घ्यायचं, नाहीतर खाली सांगतोय तो प्रोसेसर बोर्ड ओळखणारच नाही.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, कूलर डब्यातच येतो. ५५०० थोडा स्वस्त दिसेल, पण त्याचा कॅश (आतली झटपट मेमरी) निम्मा आहे, ३२ऐवजी १६ एमबी, आणि व्हॅलोरंटसारख्या गेमला तोच कॅश लागतो.

रॅमचं मात्र दुखणं आहे. २०२५च्या दिवाळीनंतर भाव असे चढलेत की गिऱ्हाइकाला सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि आपल्यावर महागाई आली. म्हणूनही मी तुला एएम४चा (५६०० ज्यात बसतो तो सॉकेट) सल्ला देतोय : त्याला डीडीआर४ चालते, आणि ती सेकंडहँड मिळते. रॅम सहसा झिजत नाही. ३२०० मेगाहर्ट्झच्या ८-८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक घे, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून ठेव, एकही एरर आली तर परत. १६ची एकच स्टिक नको, एका चॅनेलवर गेम अडखळतो. बसवल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू कर, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालते. कित्येक मशिनी रिपेअरला येतात त्यात ३२००ची रॅम २१३३ वर चालत असते आणि मालकाला पत्ताच नसतो.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई, बास. कॅबिनेट पुढून जाळीचं. काचेचं तोंड असलेलं घेऊ नकोस, हवा कुठून घेणार ते?

एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र हात आखडता घेऊ नकोस. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ, ५५० वॅट. कॅबिनेटबरोबर जो "४५० वॅट" फुकट येतो तो हातात घेऊन बघ, वजनावरूनच कळतं. आणि त्याच्याही आधी, घरात अर्थिंग आहे का?

पेठेतला_पिंग

बाकी पटलं, पण दोन मुद्दे. इंटेलचा १२४००एफ आणि एच६१० बोर्ड घेतला तर साधारण तेवढ्याच पैशात बसतं आणि प्रोसेसर तोलामोलाचा आहे. आणि एएमडीचं आरएक्स ६६०० विसरलात. १३२ वॅटचं कार्ड, ८ जीबी, फ्रेम ३०५०पेक्षा चांगल्याच जास्त, वर स्वस्त. मी स्वतः त्याच्यावर स्ट्रीम करतो.

स्क्रूड्रायव्हर_सांगली

१२४००एफला माझी हरकत नाही, जे स्वस्त पडेल ते घ्यावं. फक्त त्या "एफ"मुळे आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे इंटेलचा एनकोडर, क्विकसिंक, हाताशी राहत नाही.

६६०० नुसत्या गेमिंगला घेणाऱ्याला मीही तेच देतो. पण ६००० केबीपीएसला एच.२६४मध्ये (व्हिडिओ दाबायची नेहमीची पद्धत) एनव्हेंकचं चित्र त्याच्यापेक्षा स्वच्छ येतं. तुमचे प्रेक्षक बहुतेक मोबाइलवर बघत असतील, त्यांना फरक कळत नसेल, हे मान्य. याचं पहिलंच मशीन आहे आणि काम निम्मं स्ट्रीमिंगचं, म्हणून मी एनव्हिडिया म्हटलं.

रात्रपाळी_कराड

बापरे, एवढं लिहिलंत, आभारी आहे काका. अर्थिंगचं कळलं नाही. तीन पिनचं सॉकेट आहे आमच्याकडे. पण दादाच्या जुन्या सीपीयूला अनवाणी असताना हात लागला की झिणझिण्या येतात, ते त्यामुळेच का?

स्क्रूड्रायव्हर_सांगली

त्यामुळेच. तिसरं भोक आहे म्हणजे मागे वायर आहे असं नव्हे.

एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मधल्या मध्ये लोंबकळतो, २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५च्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस नुसता झिणझिणतो. पण तोच पत्रा यूएसबीचा आणि एचडीएमआयचाही पत्रा आहे. चालू मशीनला एचडीएमआय लावताना ठिणगी पडून पोर्ट गेलेली कार्डं माझ्या टेबलावर येतात.

वायरमनला बोलाव आणि मीटर लावायला सांग. फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलएवढंच दाखवलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. नुसत्या मीटरवर भागत नाही, कारण गंजलेल्या वायरमधूनही मीटर व्होल्ट दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून तो पूर्ण पेटतो का ते त्याने बघावं. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर ती तिथेच ट्रिप होईल, घाबरू नका. हे तू स्वतः करायचं नाहीस.

आणखी एक. काही वायरमन झिणझिण्या थांबवायला सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारतात. झिणझिण्या थांबतात खऱ्या, पण एखाद्या पावसात बाहेरची न्यूट्रल तुटली की सगळं कॅबिनेट फेज होतं. तसा लूप मारू लागला तर हात धरून थांबव. अंगणात रीतसर खड्डा, प्लेट, कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी. कॅमेऱ्याचे पैसे त्यात घाल.

शांताबाईची_नात

मी गेमर नाही, घरून ऑडिओबुकांचं रेकॉर्डिंग करते, पण काकांच्या मुद्द्याला जोडून सांगते. माइकमध्ये जो सतत बारीक "घूंऽऽ" येतो ना, तोही पुष्कळदा अर्थिंगचाच असतो. लोक माइक बदलत बसतात.

कॅमेरा आत्ता घेऊच नकोस, मोबाइल वेबकॅम म्हणून लागतो. मराठी कॉमेंट्री ऐकायला लोक येणार, तेव्हा आवाजाकडे बघ. गावातलं घर म्हणजे वर पंखा, स्वयंपाकघरात कुकर, दारात कुत्रं. कंडेन्सर माइक हे सगळं प्रेमाने टिपतो. डायनॅमिक यूएसबी माइक घे आणि तोंडापासून चार बोटांवर ठेव, अगदी समोर नको, जरा तिरका, म्हणजे "प" आणि "फ" फुटत नाहीत. ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशन फिल्टर आहे, त्यात आरएनएनॉइज निवड. पंखा बराचसा जातो, कुकरची शिट्टी नाही जात. आणि पाठीमागच्या भिंतीवर गोधडी टांग. पैसे लागत नाहीत आणि खोली घुमायची थांबते.

रात्रपाळी_कराड

वायरमनकाका रविवारी येतायत. आजीला गोधडीचं सांगितलं तर म्हणाली, नवीन नाही मिळणार.

आतापर्यंत ठरलंय : ५६००, ३०६० (ए५२० बोर्डावर), सेकंडहँड रॅम, ब्रॉन्झ एसएमपीएस. खुर्ची कटाप. यूपीएस ६०० व्हीएचा बघितलाय, चालेल? आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते-येते, नेमकी स्ट्रीमच्या वेळेला.

स्क्रूड्रायव्हर_सांगली

६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट. ३०६० एकटं १७० घेतं, प्रोसेसर ७५ धर, बोर्ड-पंखे-मॉनिटर मिळून आणखी सत्तरेक. बेरीज तीनशे पंधराच्या घरात, म्हणजे अगदी काठावर. लाइट गेल्या क्षणी तो टूं करून बसेल. हजार व्हीएचा घे. तोही खेळत राहायला नाही, नीट बंद करायला किंवा पाच मिनिटांचा झटका काढायला.

राउटर विसरू नकोस. पीसी यूपीएसवर चालू आणि राउटर बंद, मग स्ट्रीम गेलीच. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो घे आणि फायबरचा डबाही त्याच्यावरच टाक. पीसीला वायफाय नको, कॅट ६ची केबल ओढ.

ओबीएसमध्ये एनव्हेंक, सीबीआर (एकसारखा बिटरेट), ६००० केबीपीएस, कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण २.७ जीबी जातील, प्लॅनला लिमिट असेल तर हिशोब धर. गेमची फ्रेम ७५ला बांध, नाहीतरी मॉनिटर तेवढंच दाखवतो. कार्ड ९९ टक्क्यांवर पळत राहिलं तर ओबीएसला चित्र जोडायलाही जागा उरत नाही.

स्ट्रीम अडकली की लगेच नेटला शिव्या घालू नकोस. ओबीएसच्या व्ह्यू मेनूत स्टॅट्स उघड. तिथे तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंग लॅगने फ्रेम चुकत असतील तर कार्डावर ताण आहे, गेमचं सेटिंग खाली आण. एनकोडिंग लॅग असेल तर आधी एनव्हेंक खरंच निवडलंय का ते बघ, चुकून एक्स२६४ राहिलेलं असतं. नेटवर्कचा आकडा वाढत असेल तरच लाइनचा दोष, तेव्हा बिटरेट ४५०० कर. पहिल्या स्ट्रीमनंतर त्या खिडकीचा स्क्रीनशॉट इथे टाक, मी बघतो.