शेवट बदलायचाच तर चंद्रमुखीला सोबत घ्या

'देवदास' कादंबरीचा शेवट तुम्ही कसा बदलाल, या प्रश्नावर बऱ्याच जणांनी लिहिलंय की देवदासने कलकत्त्याहून पारोला नकाराचं ते पत्र पाठवलं नसतं तर तिच्याशी लग्न होऊन सगळं सुरळीत झालं असतं. मला नाही पटत. पारो बदनामीची पर्वा न करता मध्यरात्री त्याच्या खोलीत आली, तेव्हाच त्याने कच खाल्ली होती. पत्र नंतरचं.

माझा शेवट चंद्रमुखीपासून, देवदासवर जीव लावणाऱ्या कलकत्त्याच्या गणिकेपासून, सुरू होतो. शरच्चंद्रांच्या मूळ कादंबरीत (१९१७) ती धंदा सोडून खेड्यात जाऊन राहते, त्याच्यासाठी पुन्हा कलकत्त्याला येते, रस्त्यात पडलेल्या देवदासला घरी नेऊन त्याची शुश्रूषा करते. मग सोबत येऊ का विचारते, तर हा नको म्हणतो. तिथे नुसतं 'चल' म्हणाला असता तर!

पुढे पारोच्या सासरी, हातीपोत्याला, जायला पांडुआ स्टेशनवर त्याचा नोकर धर्मदास झोपलेला असताना आजारी देवदास एकटाच उतरतो. चंद्रमुखीचा डोळा लागला नसता हो. बैलगाडीच्या त्या हाडं खिळखिळी करणाऱ्या प्रवासात त्याचं डोकं तिच्या मांडीवर असतं, आणि हातीपोत्याला पोचताच तिने पारोच्या जमीनदार नवऱ्याच्या दारावर धडका मारून पारोला बाहेर बोलावलं असतं. कादंबरीत या दोघी कधी भेटतच नाहीत, ही रुखरुख मला अजून आहे.

देवदास वाचला नसताच, दुखणं फार पुढे गेलं होतं. पण एकदा तरी त्याची सेवा करायला मिळावी, एवढंच तर पारोने मागितलं होतं. घोटभर पाणी तरी तिच्या हातून त्याच्या तोंडात पडलं असतं.