स्लीप मास्क शिवला, पण नाकापाशी उजेड येऊन राहिला

नाईटवाला (मानेवाडा)
मिहानमध्ये रात्रपाळी आहे. सकाळी साडेसातला घरी येतो, आठला आडवा होतो. खोली वरच्या माळ्यावर, खिडकी पूर्वेला, तिच्यातच कूलर बसवलेला. पडदा लावला की हवा अडते, अन् मे महिन्यात नागपुरात हवा अडवून झोपणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

म्हणून आईच्या पायमशीनवर मास्क शिवला. माप २१ बाय १० सेंटिमीटर, खाली नाकासाठी खाच. दोन्ही बाजूंनी काळं पॉपलिन, मधे स्पंज, मागे पायजम्याचं २५ सेंटिमीटर इलॅस्टिक. आता ऐका. नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड सरळ डोळ्यात. पापण्या कापडाला घासतात. स्पंजनं घाम सुटतो. अन् पहिल्या दिवशी उठलो तर आई म्हणते, काजळ कोणी लावलं तुले? घामानं कापडाचा रंग सुटला होता!
शिवता येतं म्हणजे सरळ टीप मारता येते, एवढंच. सांगा न जी कोणी.

बॉबिनवाली मावशी (महाल)
काळं कापड न धुता शिवलं तर दुसरं काय होणार बाळा? रात्रभर भिजव, रंग सुटायचा थांबेपर्यंत खळबळून काढ. आटायचं तेही तेव्हाच आटतं.

स्पंज काढून टाक. चेहऱ्याकडून जुन्या धोतराचं मऊ कापड, मधे काळ्या पॉपलिनचे दोन थर, बाहेरून तुला आवडेल ते सुती. सॅटिन नको, आपल्या उन्हाळ्यात चिकटतं.

पापण्यांसाठी प्रत्येक डोळ्याखाली एक टक्स, म्हणजे चिमटीत धरून शिवलेली घडी घे, कडेशी १ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर उंच, वर निमुळता. म्हणजे कापडाला ब्लाऊजसारखा फुगीरपणा येतो. सगळ्या थरांना एकाच जागी घ्यायचा, नाहीतर आतलं चपटं राहतं. टक्सामध्ये खालची कड २ सेंटिमीटर जाते, म्हणून मापाचा कागद आधीच खालून तेवढा रुंद काप.

नाकाचा उजेड खाच खोल करून जात नाही, उलट वाढतो. खाच उथळ ठेव आणि आतून अर्धगोल झालर लाव, ७ सेंटिमीटर रुंद, ४ लांब. ती नाकावर सैल पडते.

शिवताना सुलट्या बाजू समोरासमोर, इलॅस्टिक आत दडवून. वरच्या कडेला ५ सेंटिमीटर उघडं सोड. गोलाईला कात्रीनं बारीक चिरे दे, टीप कापू नको. उलटवून इस्त्री, मग उघड्या जागी तुरपाई.

पुणेकर
ऑनलाइन शे-दीडशेत मिळतो की. एवढा खटाटोप कशाला?

नाईटवाला
भाऊ, एक मागवला होता. कानामागे वळ उठले. आईची मशीन धूळ खात पडली आहे, चालू द्या थोडी.
मावशी, इलॅस्टिकचं राहिलं.

बॉबिनवाली मावशी
डोक्याचा घेर मोज. ५६ असेल तर मास्कचे २१ वजा, राहिले ३५. ताणासाठी ४ कमी कर, शिलाईला २ वाढव, झाले ३३. तू २५ लावलं, आवळणार नाही तर काय! इलॅस्टिक २ सेंटिमीटर रुंद घे, गांधीबागेत मीटरवर मिळतं. त्यावर दीडपट लांब कापडाची नळी चढव, केस अडकत नाहीत.

नाईटवाला (चार दिवसांनी)
झाला! टक्स एकीकडचा जरा वाकडा आला, उजवा डोळा फुगलेला दिसतो. झालर मात्र एकदम फिट, वरून पाहिलं तर हत्तीच्या सोंडेसारखी. काल साडेआठला झोपलो तर उजेड कुठून येतो ते शोधतच राहिलो, सापडला नाही.
दोनला घामानं उठलो. कूलरचं पाणी संपलं होतं.