पर्येत मतं भरभरून पडतात, जमिनीचा कागद का येत नाही?

केरीकर (धागाकर्ता)

आपल्या सत्तरी तालुक्यातल्या पर्ये मतदारसंघाचा विषय निघाला की चर्चा १३,९४३ या आकड्यावर येऊन थांबते. २०२२ला डॉ. देविया राणे भाजपतर्फे एवढ्या मताधिक्याने निवडून आल्या. त्या वेळी गोव्याच्या चाळीस जागांत एवढी आघाडी दुसऱ्या कुणालाच मिळाली नव्हती. त्याआधीची पन्नास वर्षं खाशांची, म्हणजे प्रतापसिंह राणेंची. ते १९७२ला मगोतून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आले, पुढे काँग्रेसमधून येत राहिले आणि एकदाही हरले नाहीत. २०२२ला काँग्रेसने जाहीर केलेली उमेदवारी त्यांनी सोडली आणि सून, म्हणजे याच देविया, भाजपतून उभी राहिली.

घराण्याशी माझं भांडण नाही. मला विचारायचंय ते जमिनीबद्दल. सत्तरीत तीन-तीन पिढ्या काजू लावणारा, कुळागर (सुपारीची बाग) राखणारा माणूस जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढतो तेव्हा मालकाच्या रकान्यात मोकासदार (जुना इनामदार) नाहीतर सरकार. कुळ कायदा १९६४चा, दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्यांसाठीचा मुंडकार कायदा १९७५चा, तरी मोकासो (इनामी) आणि आल्वारा (पोर्तुगीज काळात कसायला दिलेल्या) जमिनींचा गुंता सुटला नाही. १९९९ला म्हादई अभयारण्य जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, बागायती आल्या, लोकांचे दावे मात्र रेंगाळले.

नावावर जमीन नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. घर वाढवायचं तर परवान्यासाठी खेटे. मग प्रत्येक कामासाठी आमदाराचं दार. त्यात आपले मतदारसंघ सरासरी तीस हजारांच्याही आतले, कुठल्या बूथवर कोणाला किती पडली ते मोजणीच्या दिवशीच सगळ्यांना कळतं. ज्याच्याकडे उद्या पुन्हा जायचंय त्याच्याविरुद्ध लोक मत कसं देतील? २०२७ला जो कोणी उभा राहील त्याने आधी या जमिनींबद्दल बोलावं, एवढंच माझं म्हणणं.

होंड्याचा दत्ता

केरीकर, तुमचा राग समजतो, पण तुम्ही मतदाराला फार दुबळा ठरवलात. माझ्या घरात कोणी आजारी पडलं तर रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस मला हवा. छोट्या मतदारसंघाचा हाच तर फायदा. महाराष्ट्रात एका आमदाराच्या वाट्याला तीन लाखांच्या घरात मतदार, तिथे आमदाराचा चेहरा पोस्टरवरच दिसायचा. इथे तो लग्नाला येतो, मयताला येतो, नावाने ओळखतो. लोक त्याचीच किंमत करतात. याला भीती म्हणू नका.

आणि जमिनीचं काम एकट्या आमदाराच्या हातात आहे का? १९८०चा वनसंरक्षण कायदा केंद्राचा. अभयारण्याचे वाद कोर्टात. २०२३च्या जुलैत उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत म्हादईत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिले ते आपल्याच तालुक्याचे वनमंत्री विश्वजित राणे. लोकांच्या घरांसाठीच ना?

मेळावलीची माहेरवाशीण

दत्ताभाऊ, व्याघ्र प्रकल्पाला विरोध केला हे खरं. पण दावे आधीच मिटले असते तर वाघाच्या नावाने आज कोणाला धास्ती वाटली नसती. २०२०च्या जानेवारीत म्हादईत चार वाघ मेले, विष घातलं गेलं. ते कृत्य वाईटच, त्याला माफी नाही. पण गुरं मारली गेली की भरपाई लवकर मिळत नाही, जागा आपली म्हणून सांगता येत नाही, अशा गावात जंगलाबद्दल माया कशी राहील?

माझं माहेर शेळ-मेळावलीचं. आयआयटीसाठी जागा मोजायला आले तेव्हा तीही कागदावर सरकारी, आणि त्यावर आमच्या लोकांचे काजू. ६ जानेवारी २०२१ला पोलीस आले, बायका सगळ्यात पुढे उभ्या होत्या.

होंड्याचा दत्ता

ताई, मग पुढचंही सांगा. सत्तरीतल्या दुसऱ्या मतदारसंघाचे, वाळपईचे आमदार विश्वजित राणे यांनीच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की प्रकल्प इथून हलवा, आणि आठवडाभरात तो रद्द झाला. मतदार जवळचा असला की नेत्याला ऐकावं लागतं, ते असं.

मेळावलीची माहेरवाशीण

पत्र त्या दिवशीच्या पोलिसांच्या मारहाणीनंतर आलं, भाऊ. त्याआधी कित्येक महिने गाव नको नको म्हणत होतं. रस्त्यावर लोक उतरले म्हणून ते पत्र आलं. आणि प्रकल्प गेला तरी जमीन नावावर झाली का? उद्या दुसरा प्रकल्प आला की पुन्हा तिथेच बसावं लागेल.

डिचोलीचा मास्तर

दोघांनाही विचारतो, समोर पर्याय कोणता होता? पर्येत २०२२ला दुसऱ्या क्रमांकावर आपचे विश्वजित कृष्णराव राणे (वनमंत्री नव्हेत, नावाचे दुसरे) होते, जे २०१७ला भाजपतर्फे लढले होते. वाळपईत आरजीचे (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष) मनोज परब दुसरे आले, त्यांनी निदान जमिनीचा विषय तरी काढला. बाकीचे पक्ष पाच वर्षांतून एकदा केरीपर्यंत येतात. शिवाय निवडून दिलेला कुठे राहतो याचीही खात्री नाही: २०१९ला काँग्रेसचे दहा आमदार भाजपत गेले, २०२२च्या सप्टेंबरात आठ. हे सगळं पाहून माणूस म्हणतो, निदान ओळखीचा तरी असू दे. मला तो विचार पटत नाही, पण त्यासाठी मी मतदाराला दोष देणार नाही.

केरीकर

मास्तर, दोष मीही देत नाही. दत्ता, केंद्राचा कायदा म्हणता, तर २००६चा वनहक्क कायदाही केंद्राचाच आहे. आपल्यातले बहुतेक अनुसूचित जमातीचे नाहीत, त्यामुळे तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. तो गोळा करायला तालुक्यात माणसं बसवणं, मोजणी पूर्ण करून घेणं हे सत्तेतल्या आमदाराला नक्की जमतं. सत्तरीतून दोन आमदार, दोघेही सत्ताधारी पक्षात, एक मंत्री. एवढी ताकद किती तालुक्यांना मिळते?

होंड्याचा दत्ता

ताकद आहे म्हणूनच आम्ही ती घालवणार नाही. विरोधातला आमदार निवडून मोजणी लवकर होईल हे मला कोणी पटवून द्यावं. पण दाव्यांचं म्हणता ते बरोबर. वनहक्क समिती ग्रामसभेतून नेमली जाते, आणि आमच्याकडे ग्रामसभेला गणसंख्या भरत नाही. पुढच्या ग्रामसभेत मी प्रलंबित दाव्यांची यादी मागतो. तुम्ही केरीत मागा.

केरीकर

मागतो. पण ती यादी प्रचाराच्या सभेतही वाचून दाखवणार, आमदार कोणत्याही पक्षाचा असो.