मदत हवी आहे : वनस्पतीच्या जनुकांना माणसाच्या रोगांचे मार्ग जोडले जात आहेत

नमस्कार. एका वनस्पतीच्या नव्या जीनोमचे अ‍ॅनोटेशन (जनुके ओळखून त्यांची कार्ये नोंदवणे) करताना तिची प्रथिने केग (जनुके आणि जैविक मार्गांचे नकाशे असलेला संग्रह) डेटाबेसमधील केओ क्रमांकांशी (समान मूळ आणि कार्य असलेल्या जनुकांच्या गटाला दिलेला क्रमांक) जुळवली आणि त्यांवरून जैविक मार्गांची यादी काढली. ग्लायकोलिसिससारखे (ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवणे) मूलभूत मार्ग अपेक्षेप्रमाणे पूर्ण दिसतात. मात्र त्याच यादीत हंटिंग्टन आणि पार्किन्सन हे रोगही ठळकपणे आले आहेत, आणि वनस्पतीच्या अहवालात ते विचित्रच वाटतात. मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळीची बरीच प्रथिने माणसात आणि वनस्पतीत समान मूळाची असल्याने एकच केओ क्रमांक ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशनच्या (श्वसनसाखळीतून ऊर्जा साठवण्याच्या) नकाशावर आणि या रोगांच्या नकाशांवरही येतो, एवढे कारण लक्षात आले आहे. असे मार्ग हाताने वगळावेत, की सर्वसाधारण नकाशांऐवजी अरॅबिडॉप्सिस या संशोधनातील नमुना वनस्पतीच्या नकाशांचाच आधार घ्यावा?

दुसरी अडचण अधिक किचकट आहे. एकाच केओ क्रमांकावर अनेक पॅरालॉग (एकाच जीनोममध्ये द्विरावृत्तीने तयार झालेली जनुके) येऊन बसतात. परस्पर-सर्वोत्तम जुळणीचा निकष (दोन्ही बाजूंनी एकमेकांची सर्वात चांगली जुळणी असलेल्याच जोड्या घेणे) लावला तर त्यांतील काही खरी जनुके गळतात आणि केवळ ई-व्हॅल्यूवर (जुळणी योगायोगाने होण्याचा अंदाज) विसंबले तर सायटोक्रोम पी४५० या विकरांसारख्या मोठ्या कुटुंबात कार्य वेगळे असलेली जनुकेही आत शिरतात. अशा कुटुंबांसाठी वंशवृक्ष काढण्याला पर्याय नाही असे माझे मत आहे, पण संपूर्ण जीनोमसाठी ते व्यवहार्य नाही. वंशवृक्ष कोणत्या कुटुंबांसाठी काढायचे, ही मर्यादा आपण कशी ठरवता? तसेच एनरिचमेंट चाचणीसाठी (एखाद्या मार्गाची जनुके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, हे तपासणारी चाचणी) तुलनेची पार्श्वभूमी म्हणून सर्व जनुके घ्यावीत, की केओ क्रमांक मिळालेलीच?