अनुभव धागा : स्वतःची कंपनी आणि उरलेलं आयुष्य

रमणबागेबाहेरची
काल जुनी लॅपटॉपची बॅग भाचीला द्यायला काढली. आतल्या कप्प्यात कंपनीचा गोल शिक्का, शाई वाळून खडखडीत झालेला, आणि त्याला चिकटलेला २०१६ च्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा सीझन पास. सवाई तेव्हा रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा. आमची भारतीय बैठक. बाबा दुपारीच जाऊन जागा धरायचे आणि माझ्या जागेवर त्यांची शाल पसरलेली असायची.

आमचं पॅथॉलॉजी लॅबसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. तिघं पार्टनर, अकरा लॅब. तिसऱ्या दिवशी रात्री सव्वानऊला चिंचवडच्या लॅबचा फोन : बिल निघत नाहीये, पेशंट खोळंबलेत. लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर आले आणि चहावाल्याच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडला. सर्व्हर बघितला, लॉग बघितले, पार्टनरला उठवलं. सगळं ठणठणीत. पाऊण तासाने लॅबमधला मुलगा म्हणतो, "मॅडम, झालं. प्रिंटरमधला कागद संपला होता."

तोवर आत टाळ्या झाल्या आणि माणसं बाहेर यायला लागली.

कंपनी पुढे २०२१ मध्ये विकली, पैसे बरे मिळाले, तक्रार नाही. पण त्या रात्री आत कोण गात होतं ते काल कितीही आठवलं तरी आठवेना.

तर स्वतःचं काही उभं करताना झोप, घर, छंद यांचं काय झालं ते लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणारच, पुणं आहे.)

खारीबिस्कीट
प्रिंटरचा कागद!!! ठ्ठो. आमच्याकडे "पूर्ण सिस्टीम डाऊन" म्हणजे कीबोर्डवर फाइल ठेवलेली होती.

बालेवाडीचा_बाबा
दर महिन्याला ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न). झालं माझं आयुष्य लिहून.
लेकीचा वाढदिवस २० तारखेला असतो. सलग दोन वर्षं केक कापताना मी आतल्या खोलीत पोर्टलवरचं गोल फिरणारं चक्र बघत होतो. आता आम्ही तिचा वाढदिवस तिथीने करतो. नातेवाईकांना वाटतं आम्ही फार परंपरा पाळतो.

सीए_काका
@बालेवाडीचा_बाबा, २० ला भरायचं असतं म्हणून २० लाच बिलं पाठवायची नसतात. १४ पर्यंत डेटा दे, १६ ला मोकळा होशील. आणि उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्न का घेत नाहीस? कर दरमहा भरावा लागेल, पण रिटर्नची कटकट वर्षात चारदाच.

बालेवाडीचा_बाबा
काका, ग्राहकांना त्यांचं जीएसटी क्रेडिट दर महिन्याला दिसायला हवं असतं, ओरडतात.

सीए_काका
त्यासाठी आयएफएफ आहे, तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची बिलं दाखवायची सोय. १३ तारखेपर्यंत बिलं चढवायची. तुझा सीए कोण आहे रे?

बालेवाडीचा_बाबा
मेहुणा.

सीए_काका
मग असू दे.

सौ_सीडफंड
मी संस्थापक नाही, संस्थापकाची बायको. मी बँकेत आहे, म्हणजे आमच्या घराचा सीड राउंड (सुरुवातीचं भांडवल) मीच. मागच्या वर्षी त्याचा को-फाउंडर अकराव्या महिन्यात सोडून गेला. शेअर्स चार वर्षांत मिळणार होते, पहिलं वर्ष भरल्याशिवाय काहीच नाही, तरी एक महिना कळ काढली नाही त्याने. यावरून ओळखा किती दमला असेल. नवऱ्याने त्याला चार महिने शिव्या घातल्या. आता म्हणतो, त्याला आधी कळलं.
डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून हा रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. मला वाटलं, चला, सुधारला. एकदा सोबत गेले. एआरएआयच्या (ती गाड्यांची संशोधन संस्था) बाजूने चढताना कानात ते पांढरं बोंडूक, आणि धापा टाकत "हो हो, शुक्रवारी रिलीज करू". मोर दिसला तर मला हाताने गप्प राहायची खूण! मोराने तरी काय करायचं.
आता फोन स्कूटरच्या डिकीत ठेवून चढायचं असं ठरलंय. उतरताना पावलांचा वेग दुप्पट असतो ते सोडा.

खारीबिस्कीट
पांढरं बोंडूक =))

ओपीडीतून
दोन पेशंटच्या मधे लिहितेय. डब्ल्यूएचओ आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ मध्ये मांडलं होतं : आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. चाळिशीच्या आत बीपी घेऊन येणारे

ओपीडीतून
अर्धंच गेलं, पेशंट आला होता. तर बीपीवाले खूप येतात, आणि सगळे "गोळी नको, सध्या फंडिंग चालू आहे" म्हणतात. गोळीचा आणि फंडिंगचा संबंध मला अजून कळलेला नाही.

रमणबागेबाहेरची
डॉक्टर, अनुभव हवाय, आकडे नाही :)

ओपीडीतून
अनुभव : स्वतःचं क्लिनिक, आठवड्याला ६६ तास. जेवण आत्ता, पावणेचारला. पुढचा पेशंट आला.

कोथरूडचा_माठ
अवांतर : उद्या गुरुवार, पाणी बंद आहे का? सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेगवेगळी उत्तरं आलीत.

टिळकटँक
मी माझी कंपनी २०२३ मध्ये बंद केली. एसटीके-२ फॉर्म, १०,००० रुपये फी, आणि सहा वर्षं रजिस्टरमधून पुसली गेली. पहिले पंधरा दिवस नुसता झोपलो. मग दुपारी बाराला घरात दिसायला लागलो तशी शेजारच्या काकूंनी स्थळं सुचवणं बंद केलं. हा एक फायदा.
खरं सांगायचं तर वेळ मिळाला आणि त्याचं काय करायचं ते कळेना. पुस्तक उघडलं की दहा पानांत फोन बघायचो, आणि फोनवर कुणीच काही मागितलेलं नसायचं. तेच जास्त लागायचं. आईने वैतागून टिळक टँकची सकाळची बॅच लावून दिली. पाण्यात फोन नेता येत नाही, एवढ्या एका कारणासाठी. लहानपणी पाठीला डबा बांधून इथेच शिकलो होतो, आता तिथेच चार फेऱ्यांत दम. सहा महिन्यांत वीस झाल्या.
परत सुरू करतोय, गुढीपाडव्यापासून. आईला अजून सांगितलं नाहीये.

सौ_सीडफंड
आईला कळलेलं असतं.

भोसरी_एमआयडीसी
वय ७१. हळू टाइप करतो. ८४ साली भोसरीत गाळा घेतला, दोन लेथ, एक ड्रिल, जॉबवर्क. आमची सुट्टी गुरुवारी, कारण गुरुवारी वीज नसायची. सुट्टी आम्ही घ्यायचो असं नाही, एमएसईबी द्यायची. लेथ थांबली की थांबलं. मालाची घाई कितीही असली तरी चकात जॉब तसाच सोडून, हात रॉकेलने पुसून घरी. तुमच्या लॅपटॉपला बॅटरी असते ही खरी अडचण आहे.
पण ऐका. गुरुवारी मी घरी तर पोरं शाळेत. रविवारी पोरं घरी तर मी भोसरीत. थोरला चौथीत जाईपर्यंत त्याला झोपलेलाच जास्त बघितला. मग दर गुरुवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहू लागलो. पेरू नाहीतर चिंचा घ्यायच्या, वीस मिनिटं गप्पा, घंटा झाली की तो आत. शिपायाला वाटायचं माझी नोकरी गेली. एकदा त्याने मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.
थोरल्याची आता बाणेरला स्टार्टअप आहे. मी तिथे गेलो तर रिसेप्शनवरची मुलगी विचारते अपॉइंटमेंट आहे का.

खारीबिस्कीट
काका __/\__ पुढच्या वेळी पेरू घेऊन जा.

बालेवाडीचा_बाबा
काका, वाचून लेकीच्या शाळेची मधली सुट्टी किती वाजता असते ते बायकोला विचारलं. ती विचारतेय, का, काय झालं?

एक_ते_चार
२०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास काम करा म्हणाले तेव्हा आमच्या हापिसात दोन तट पडले होते. पण इन्फोसिस १९८१ मध्ये सुरू झाली ती पुण्यातच हो. मग बंगळुरूला गेली. इथेच राहिली असती तर दुपारी चारला शटर उघडलं असतं.

कोथरूडचा_माठ
@एक_ते_चार, आता पेठेतली दुकानंसुद्धा दुपारी उघडी असतात, जुने विनोद पुरे.
पाण्याचं कुणी सांगेल का?

खारीबिस्कीट
उद्या बंद, परवा कमी दाबाने. आज भरून ठेवा.

कोथरूडचा_माठ
धन्यवाद. बादल्या लावतो. धाग्याबद्दल : माझी कंपनी नाही, मी सरकारी नोकरीत आहे, मला अनुभव नाही.

रमणबागेबाहेरची
सगळ्यांचं वाचलं, भाजी करपली. भोसरीचे काका, तुमचं वाचून बाबांना फोन लावला. विचारलं, त्या रात्री आत कोण गात होतं हो? ते म्हणाले, "मला काय विचारतेस? पलीकडच्या बाकड्यावर मीच बसलो होतो की, दोन चहा झाले माझे. तुझी पर्स आतच राहिली होती, ती घेऊन आलो होतो."
मी बघितलंच नव्हतं.

ओपीडीतून
ओह.

भोसरी_एमआयडीसी
बाबांना नमस्कार सांगा.

सीए_काका
@बालेवाडीचा_बाबा उद्या १४ आहे. डेटा.