सिरोंचा खरंच जिल्ह्याचं ठिकाण होतं का?

परवा कामानं सिरोंच्याले गेलतो. गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरच्या वर, आलापल्लीच्या पुढं तर रस्ता असा की बाईकचं मडगार्ड हलून हलून ढिलं झालं. प्राणहितेच्या काठावर इंग्रजाच्या टाईमचं रेस्टहाऊस पाहिलं, भिंती हातभर जाड. टपरीवर सगळे तेलुगूत बोलून राह्यले होते, त्यातला एक म्हातारबा म्हणे इथं जिल्हा होता. एवढ्या कोपऱ्यात साहेबलोक कायले येऊन बसले असतील?

झाडीचा_पोरगा: होता ना भाऊ. नक्षल्यांमुळं बुडालं सगळं.

जुनं_दप्तर: नाही बे, नक्षलवादी तर आत्ताचे. गाव त्याच्या शंभर वर्षं आधीच बुडालं. 1860 मध्ये निजामाकडून हा डावा काठ इंग्रजाकडं आला अन अप्पर गोदावरी जिल्हा झाला, ठाणं सिरोंचा. तेव्हा साहेबाच्या डोक्यात नदी होती, आपल्या वऱ्हाडा-नागपूरचा कापूस वर्धा नदीनं प्राणहितेत, तिथून गोदावरीनं थेट समुद्रावर न्यायचा. त्यात अमेरिकेत यादवी लागली, कापसाले सोन्याचा भाव आला, मग तर विचारूच नका. पण वाटेत खडकाचे तीन मोठे अडथळे, अन उन्हाळ्यात पाणी किती राह्यते ते आपल्याले सांगायची गरज नाही. इकडं 1867 ले रेल्वे नागपुरात आली. नदीचं काम 1871 ले बंद, 1874 ले जिल्हाच मोडला, सिरोंचा चांद्याले, म्हणजे आताच्या चंद्रपूरले, जोडून टाकलं. नक्षल्यांच्या नावावर काय काय खपवता राजेहो!

प्राणहिता_काठ: मी तिथलाच. जवळ ग्लासफोर्डपेठा नावाचं गाव हाय, कॅप्टन ग्लासफर्ड इथला डेप्युटी कमिशनर होता त्याचं नाव, पण गावात कोणाले विचारलं तर साहेब कोण होता हे सांगता येत नाही. अन बुडालं म्हणू नका, तालुका हाय अजून. गोदावरीवर पूल झाल्यापासून पलीकडचं तेलंगणातलं कालेश्वर पाच-दहा मिनिटांवर आलं, दवाखान्याले लोक वारंगलले जातात, गडचिरोलीले फक्त सही-शिक्क्यासाठी. माझी आजी डोंग्यातून जायची बाजाराले, कोंबड्या मांडीवर घेऊन.

झाडीचा_पोरगा: बरं बाबा, चुकलं.

मूळ प्रश्नवाला: पेठेले जायले रस्ता कसा हाय? पावसाळ्याआधी परत चक्कर मारतो, मडगार्ड आधी टाईट करून घेतो.