हिरड्याचा अर्क : डीपीपीएचमध्ये प्रबळ, आगर प्लेटवर दुबळा का?

प्रश्न (प्रयोगवही)
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हिरड्याच्या फळाच्या सालीचे पाण्यातील व मेथॅनॉलमधील असे दोन अर्क तपासत आहे. डीपीपीएच चाचणीत (अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी, रंगबदलावर आधारित चाचणी) दोन्ही अर्कांनी जांभळे द्रावण पिवळे केले आणि ५१७ नॅनोमीटरवरील वाचने तुलनेसाठी घेतलेल्या क जीवनसत्त्वाच्या जवळपास आली. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या आगर प्लेटवर (जेलीसारखे माध्यम घातलेल्या बशीवर) वाढ रोखल्याचे वर्तुळ लहानच मिळाले आणि ई. कोलायच्या प्लेटवर ते जवळजवळ दिसतच नाही. अँटिऑक्सिडंट म्हणून प्रबळ असलेला हा अर्क जिवाणूंवर दुबळा आहे, असे मानावे का?

उत्तर (सूक्ष्मदर्शी)
एवढ्यावरून तसे मानू नये. हिरड्याचा गुण मुख्यतः चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल यांसारख्या टॅनिनांत आहे. हे रेणू आकाराने मोठे असल्यामुळे आगरमधून सावकाश पसरतात, शिवाय माध्यमातील प्रथिनांना चिकटून बसतात, त्यामुळे अर्क प्रभावी असूनही वर्तुळ लहान राहू शकते. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरच्या पटलाचे अधिकचे संरक्षण असते, हेही लक्षात घ्यावे.

आपण द्रव माध्यमात किमान रोधक संहती, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारे अर्काचे सर्वांत कमी प्रमाण, काढावी. अर्काचा रंग गडद असल्याने गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही, म्हणून अनेक जण रिझाझुरिन वापरतात; जिवंत जिवाणू असले की हे निळे रंगद्रव्य क्षपण होऊन गुलाबी होते. पण टॅनिने स्वतःच क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारी) असल्याने जिवाणू नसतानाही तो निळा रंग गुलाबी होऊ शकतो. माध्यम, अर्क आणि रिझाझुरिन एवढेच घातलेली, जिवाणूविरहित विहीर (चाचणीच्या प्लेटमधील खळगा) शेजारी ठेवल्याशिवाय त्या गुलाबी रंगावर विसंबू नये. प्रत्येक विहिरीतील थेंब ताज्या प्लेटवर पसरून वसाहती मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे. अर्काऐवजी केवळ विद्रावक (पाणी किंवा मेथॅनॉल) घातलेले, तुलनेसाठीचे नियंत्रणही हवेच.

उत्तर (रानवाटा)
आपण कोणता हिरडा घेतला, हे प्रश्नात आलेले नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबे गोळा करतात तो बाळहिरडा, म्हणजे आठळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ; वाळल्यावर ते काळे पडते. सुरवारी हिरडा हे पूर्ण वाढलेले फळ. पक्वतेनुसार टॅनिनांचे प्रमाण बदलते, त्यामुळे दोहोंचे आकडे एका तक्त्यात मिसळले तर तुलनेला अर्थ राहत नाही. प्रबंधात प्रकार, ठिकाण आणि वेचणीचा महिना नोंदवावा.

उत्तर (वैद्यशाळा)
निष्कर्ष लिहिताना एक विनंती : डीपीपीएचच्या आकड्यावरून शरीरातील परिणामाविषयी विधान करू नये. ही टॅनिने आतड्यातून जशीच्या तशी फारशी शोषली जात नाहीत. तेथील जिवाणू त्यांचे रूपांतर करतात आणि त्यातून युरोलिथिनांसारखी वेगळी संयुगे तयार होतात. तोंडात मात्र अर्काचा जिवाणूंशी थेट संबंध येतो, आणि हिरड्याच्या काढ्याने गुळण्या करण्याची रीतही आपल्याकडे आहेच. म्हणून शक्य असल्यास दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सवरही हाच अर्क तपासून पाहावा.